कॅमेऱ्यासाठी ऑल रिस्क विमा: चोरीला चांगला, पडझडीला जपून

घरगुती पॅकेज पॉलिसीतला ऑल रिस्क विभाग, म्हणजे नोंदवलेल्या मौल्यवान वस्तूंना चोरी आणि अपघाती नुकसानीपासून संरक्षण देणारा भाग, हा हौशी छायाचित्रकाराला आपल्याकडे सर्वात सहज मिळणारा विमा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या आणि अनेक खासगी जनरल विमा कंपन्या तो वेगवेगळ्या नावांनी विकतात. दोन लाखांची बॉडी आणि लाख-दीड लाखाची टेलिफोटो घेऊन ताडोबा, भिगवण, आंबोली फिरणाऱ्याने तो घ्यावा का? आमचे उत्तर असे: चोरीसाठी जरूर घ्यावा. कॅमेरा पडून फुटण्याच्या भीतीने घेत असाल, तर आधी अपवादांची यादी वाचा आणि त्यातले एक कलम लेखी बदलून मिळत असेल तरच पैसे भरा.

ते कलम असे. अनेक कंपन्यांच्या ऑल रिस्क मजकुरात अपवादांखाली एक वाक्य येते. काचसामान, कॅमेरे, दुर्बिणी, लेन्स, शिल्पे, चित्रे, वाद्ये, खेळाचे साहित्य आणि अशाच ठिसूळ वस्तू फुटल्या, तडकल्या किंवा त्यांवर ओरखडे आले, तर भरपाई नाही. नुकसान आगीमुळे किंवा ज्या वाहनातून वस्तू नेली जात होती त्याच्या अपघातामुळे झाले असेल तेवढेच धरायचे. यात कॅमेरे आणि लेन्स नाव घेऊन लिहिलेले आहेत, म्हणजे वाद घालायला फारशी जागा नाही. एक्सप्रेसवेवर गाडीला धडक बसून लेन्सची पुढची काच तडकली तर क्लेम बसतो. कासच्या पठारावर वाऱ्याने ट्रायपॉड आडवा झाला आणि तीच काच तडकली तर बसत नाही. हौशी माणसाच्या बाबतीत दुसरा प्रसंगच जास्त संभवतो.

विकणाऱ्याला हे कलम ठाऊक नसते असे नाही. पण हातात मिळते ते माहितीपत्रक, आणि त्यावर 'अपघाती नुकसान' एवढेच छापलेले असते. म्हणून पैसे भरण्याआधी पॉलिसी वर्डिंग्ज, म्हणजे अटींचा पूर्ण मजकूर, मागून घ्या. तो कंपनीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात असतो. त्यात लेन्स, कॅमेरा, ठिसूळ हे शब्द शोधा. सापडले तर कंपनीला ईमेल करा (शेड्यूल म्हणजे पॉलिसीला जोडलेली विमा घेतलेल्या वस्तूंची व रकमांची यादी, एंडोर्समेंट म्हणजे पॉलिसीत बदल करणारी लेखी पुरवणी): 'शेड्यूलमध्ये अनुक्रमांकासह नोंदलेली बॉडी व लेन्स हातातून किंवा ट्रायपॉडवरून पडून तुटल्यास नुकसान संरक्षित आहे का? नसल्यास हा अपवाद एंडोर्समेंटने वगळून मिळेल का, व त्यासाठी जादा हप्ता किती?' उत्तर लेखीच घ्या. एजंट फोनवर म्हणतो 'होऊन जाईल', त्याचा क्लेमच्या वेळी काडीचा उपयोग नाही. कंपनी बांधील राहते ती पॉलिसी, शेड्यूल आणि एंडोर्समेंटला.

अपवाद वगळायला कंपनी तयार नसेल, तर पोर्टेबल इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विभाग किंवा इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी मागा. तिचा पाया वेगळा आहे: अकस्मात आणि अनपेक्षित भौतिक नुकसान झाले तर भरपाई, मग ते कसे झाले याची यादी नाही. मूळ पॉलिसी कार्यालयात बसवलेल्या यंत्रांसाठी बेतलेली असल्यामुळे 'जागेबाहेर वापर' हे पोर्टेबल एक्स्टेन्शन आणि चोरीचे संरक्षण तीत नोंदवून घ्यावे लागते. ते नसेल तर घराचा उंबरठा ओलांडताच विमा संपला. व्यक्तीच्या नावाने ही पॉलिसी द्यायला काही शाखा कुरकुर करतात. तरी पाठपुरावा करण्यासारखा हाच प्रकार आहे. त्यात दुरुस्तीच्या क्लेममध्ये बदललेल्या भागांवर घसारा कापत नाहीत, मर्यादित आयुष्याचे भाग सोडले तर. पूर्ण नुकसानीत मात्र घसारा कापला जातो.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली भारत गृह रक्षा ही पॉलिसी कॅमेऱ्याला पुरते असा एक समज आहे. ती घरासाठी खरोखर चांगली आहे. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानाला यादी न देता आपोआप संरक्षण मिळते. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर, आग, वीज, भूकंप यांत कपाटातला कॅमेरा गेला तर पैसे मिळतात. पण चोरी धरली जाते ती अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर ७ दिवसांत झालेली तेवढीच. एरवीची घरफोडी नाही आणि घराबाहेरचे तर काहीच नाही. सोसायटीने इमारतीचा विमा काढला आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: त्या विम्यात तुमच्या फ्लॅटमधले सामान नसते.

दुकानात कॅमेऱ्याबरोबर गळ्यात मारली जाणारी अपघाती नुकसानीची योजना बहुधा दुरुस्तीपुरती असते आणि चोरी तीत नसते. एकाच बॉडीसाठी ठीक, संपूर्ण किटसाठी नाही.

चोरी म्हणजे नेमके काय

चोरीसाठी विमा घ्या असे म्हटले, तरी तिथेही शब्द तपासायला हवेत. काही विभागांत फक्त घरफोडी धरतात, म्हणजे बळजबरीने आत शिरल्याच्या किंवा बाहेर पडल्याच्या खुणा हव्यात. कुलूप, कडी, गज काहीतरी तुटलेले हवे. लग्नाच्या हॉलमधून उघड्यावरची बॅग उचलून नेली तर ती साधी चोरी. ती नावानिशी समाविष्ट नसेल तर क्लेम पडतो. घरातल्या माणसाचा किंवा नोकराचा हात असेल तर बहुतेक ठिकाणी नकारच.

वाहनाचे कलम तर जंगलात जाणाऱ्याने पाठच करावे. वाहनातून झालेली चोरी मान्य होते ती वाहन पूर्ण बंदिस्त असेल, सगळ्या काचा वर असतील आणि दारे कुलूपबंद असतील तेव्हाच. ताडोबातली उघडी जिप्सी, रिक्षा, टेम्पो ट्रॅव्हलरची उघडी राहिलेली खिडकी यांपैकी काहीही त्यात बसत नाही. सफारीच्या मध्ये गेटपाशी चहाला उतरताना बॅग सीटवर ठेवू नये याला हे कारण पुरेसे आहे. गाडी कुलूपबंद असली तरी बॅग डिकीत, नजरेआड ठेवा. पार्किंगमध्ये काच फोडल्याची खूण दिसते तेव्हा सर्व्हेअरचे, म्हणजे नुकसान तपासायला नेमलेल्या माणसाचे, निम्मे प्रश्न संपतात.

मालवाहतुकीसाठी कुरियर किंवा वाहतूकदाराच्या ताब्यात दिलेली वस्तूही बहुधा अपवादात असते. लेन्स दुरुस्तीला कुरियरने पाठवणार असाल तर त्या प्रवासाचा विमा कुरियरकडूनच वेगळा घ्या.

रक्कम, हप्ता, वजावट

समजा, बॉडी २,१०,००० रुपये, टेलिफोटो १,१०,००० आणि स्टँडर्ड झूम ८०,००० असे ४ लाखांचे किट आहे आणि दर दीड टक्का मिळाला. हप्ता ६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, एकूण ७,०८० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, वस्तूंच्या विम्यावरचा गेलेला नाही.

हप्ता वाचवायला लोक विमा रक्कम कमी दाखवतात आणि तिथेच सर्वात मोठा फटका बसतो. अंडरइन्शुरन्सचे, म्हणजे किमतीपेक्षा कमी रकमेच्या विम्याचे, कलम असे चालते: लेन्सची आजची नवी किंमत १,६०,००० आहे आणि तुम्ही पाच वर्षांपूर्वीच्या बिलाप्रमाणे १,००,००० चा विमा काढला आहे. म्हणजे संरक्षण साडेबासष्ट टक्के. दुरुस्तीचा खर्च ४०,००० आला तर मिळणार २५,०००. त्यातून एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची वजावट, समजा २,५००, वजा. हातात २२,५००. विमा रकमेपेक्षा खर्च कितीतरी कमी असूनही ही कात्री लागते, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून रक्कम दरवर्षी आजच्या दुकानातल्या नव्या किमतीवर ठरवा. मॉडेल बंद झाले असेल तर त्याच दर्जाच्या चालू मॉडेलची किंमत धरा आणि ते प्रस्ताव अर्जात लिहा.

याच्या जोडीला एक प्रश्न विचारायचाच: पूर्ण नुकसानीत नव्याची किंमत देणार की आजचा बाजारभाव? ऑल रिस्कमध्ये साधारणपणे बाजारभाव, म्हणजे घसारा वजा करून. पाच वर्षे जुन्या डीएसएलआरला विमा रकमेइतके पैसे मिळतील अशी आशा धरू नका. उलट चांगल्या लेन्सचा भाव टिकतो, त्यामुळे हप्त्यातला रुपया लेन्सवर जास्त वसूल होतो असे आमचे मत आहे.

एक्सेस किती आणि कशावर मोजतात हेही पाहा. काही ठिकाणी क्लेमच्या ठरावीक टक्के आणि किमान अमुक रुपये अशी रचना असते. ३,००० चा फिल्टर, लेन्स हूड, मेमरी कार्ड, स्ट्रॅप यांचा विमा काढण्यात अर्थ नाही. ती रक्कम एक्सेसमध्येच बुडते. बॉडी, प्रत्येक लेन्स, फ्लॅश आणि चांगला ट्रायपॉड हेड यांची मात्र स्वतंत्र ओळ करा. 'कॅमेरा किट, ४ लाख' अशी एकच ओळ असेल तर जोड्या आणि संचांच्या कलमामुळे हरवलेल्या एका वस्तूची किंमत ठरवताना वाद होतो. क्लेम मिळाल्यावर विमा रक्कम तेवढ्याने घटते, हेही ध्यानात असू द्या. उरलेल्या वर्षासाठी जादा हप्ता भरून ती पूर्ववत करता येते, पण ती मागावी लागते.

बुरशी, दव, धूळ, हळूहळू चढलेला गंज, शटरची झीज, विद्युत बिघाड यांची भरपाई जवळपास कुठेच नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर लेन्स खरी मरते ती बुरशीने, आणि विमा तिथे हात वर करतो. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी ड्राय कॅबिनेट हाच त्यावरचा उपाय. एक बॉडी आणि किट लेन्स एवढाच पसारा असणाऱ्याने हप्ता न भरता ते पैसे कॅबिनेटला लावावेत.

कागद आधी जमवायचे

मुंबईत बोरा बाजारातून घ्या, पुण्यातून घ्या किंवा ऑनलाइन, अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घ्या. स्वस्त पडते म्हणून बिलाविना आलेली आयात लेन्स विम्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याची सही, तारीख, अनुक्रमांक असलेली पावती आणि बँकेतून दिलेले पैसे हवेत. शिवाय मूळ बिलाची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळे. बॉडी आणि लेन्सवरच्या अनुक्रमांकांचे जवळून काढलेले फोटो, खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो आणि बिले हे सगळे क्लाउडवर ठेवा, कारण लॅपटॉप बहुधा त्याच बॅगेत असतो.

फार कमी लोक वापरतात असा एक पुरावा फोटोंमध्येच असतो. अनेक कॅमेरे रॉ फाइलच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फोटोबरोबर आपोआप साठणाऱ्या तपशिलात, बॉडीचा अनुक्रमांक नोंदवतात, काही लेन्सचाही. घटनेच्या आदल्या दिवशीची एखादी फाइल जपली असेल, तर वस्तू तुमच्याकडे होती आणि चालू होती हे दोन्ही सिद्ध होते. फाइल एडिट न करता मूळ स्वरूपातच द्या.

क्लेमची वेळ

चोरी झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाणे आणि विमा कंपनीला ईमेल, दोन्ही. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. रेल्वेत घडले तर लोहमार्ग पोलीस. येथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: वस्तू 'गहाळ' झाली असा दाखला घेऊन परत येऊ नका. गहाळ आणि चोरी यांत विम्याच्या लेखी फार अंतर आहे. कारण न सांगता येणारे नाहीसे होणे अनेक पॉलिसींत वगळलेले असते. चोरी झाली असेल तर एफआयआरमध्ये चोरीच लिहिली गेली पाहिजे, प्रत्येक वस्तूच्या अनुक्रमांकासह. खरोखर रिक्षात विसरली असेल तर तसेच सांगा. एफआयआर आणि क्लेम फॉर्ममध्ये वेळ, जागा, वस्तूंची संख्या जुळली नाही तर पुढचे सगळे अडते.

तपास लागला नाही तर कंपनी अंतिम अहवाल मागते. महाराष्ट्रात याला 'अ समरी' म्हणतात: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. ती न्यायालयातून मंजूर व्हावी लागते आणि त्याला महिनोन्महिने जातात. तोवर थांबण्याऐवजी वस्तू नंतर सापडल्यास कंपनीला देण्याचे हमीपत्र आणि सब्रोगेशनचे (वसुलीचे तुमचे हक्क कंपनीला देणारे) पत्र घेऊन क्लेम निकाली काढावा, अशी लेखी विनंती करा. कळवायला एक-दोन दिवस उशीर झाला म्हणून कंपनी अडवत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा गुरशिंदर सिंग निकाल दाखवा. तो वाहनचोरीचा आहे, पण एफआयआर तातडीने नोंदवलेली असताना केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून नाकारू नये, हे त्यातले सूत्र येथेही मांडता येते.

पाण्यात पडलेला कॅमेरा चालू करून पाहू नका. भिगवणच्या बोटीतून बॉडी पाण्यात गेली तर लगेच बॅटरी काढा, कार्ड काढा, पुसून कोरड्या पिशवीत ठेवा, फोटो घ्या आणि सर्व्हिस सेंटरला न्या. सर्किटमध्ये वीज फिरली की पाणी आणि वीज मिळून गंज धरतो. खाऱ्या पाण्यात तर काही तासांतच. नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीतली तुमची जबाबदारी आहे. पण सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्तीला हिरवा कंदील देऊ नका आणि काढलेले जुने भाग टाकू देऊ नका. ते सॅल्व्हेज, म्हणजे नुकसानीनंतर उरलेला माल, म्हणून कंपनी मागू शकते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये फक्त भागांची यादी असते. त्याच्याबरोबर कारणाचा एक ओळीचा अहवाल मागा: 'आघाताने लेन्स माउंट वाकले, फोकस मोटर निसटली.' केवळ 'आत गंज' असे लिहून आले, तर सर्व्हेअर त्याला हळूहळू झालेली झीज समजतो. पाण्यात पडल्याची तारीख आणि कॅमेरा जमा केल्याची तारीख दोन्ही अहवालात येऊ द्या. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. केवळ कागद नाहीत या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे.

हौस कुठे संपते

हौशी म्हणून घेतलेल्या पॉलिसीवर पैसे घेऊन केलेले लग्नाचे शूट चालत नाही. नात्यातल्या लग्नात भेट म्हणून काढलेले फोटो वेगळे, ऑर्डर घेऊन काढलेले वेगळे. वर्षातून दोनच कामे करत असाल तरी प्रस्ताव अर्जात ती सांगा. दर थोडा वाढेल, पण 'वापर दडवला' हा नकाराचा मुद्दा राहणार नाही. कॅमेरा भाड्याने दिला तर संरक्षण बहुधा गेले. मित्राला वापरायला देण्याआधीही मजकूर पाहा.

परदेशी जाताना भौगोलिक मर्यादा वाढवून घ्या. प्रवास विम्यातली सामानाची रक्कम कॅमेऱ्याला पुरत नाही आणि मौल्यवान वस्तू त्यात अनेकदा वगळलेल्या असतात, म्हणून किट केबिनमध्येच. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर केबिनमध्येच न्याव्या लागतात. निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना शुल्काचा प्रश्न उठत नाही. ड्रोन या पॉलिसीत धरू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो सोडून बाकीच्यांना तृतीय पक्ष विमा लागतो, आणि ड्रोनच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्याहून निराळा.

नकार आला तर

नकाराचे पत्र कलम क्रमांकासह मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा, तीच तक्रार नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर टाका. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि तुम्ही निवाडा स्वीकारलात तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. लोकपालाकडे जाताना शेड्यूल, मजकुराची खूण केलेली पाने, पैसे भरण्याआधी कंपनीशी झालेला ईमेल आणि सर्व्हिस सेंटरचा कारण लिहिलेला अहवाल एवढे एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. मोबदला, म्हणजे येथे भरलेला हप्ता, ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दोन्हीकडे एकदम मात्र जाता येत नाही. प्रकरण आयोगासमोर असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी लोकपालाकडे जावे.